आगगाडीच्या अपघातांतील भरपाई : अनुग्रह कीं हक्क ?

पेशवाईंतील दफ्तरें व सरदार घराण्यांचे कागद चाळणाऱ्यांस ‘बालपरवेशी’ हा शब्द अपरिचित नाहीं. स्वारींत कामास आलेल्या माणसाच्या मुलांमाणसांच्या निर्वाहासाठीं सरकारांतून जी नेमणूक करून दिली जाई तीस हें नांव होतें. नेमणूक धन्याच्या मर्जीची असे. अपघातांत माणूस गेला किंवा पंगु झाला असतां ज्याच्या कसुरीनें तें घडलें त्याजकडून भरपाई हक्कानें मागणें ही अगदीं निराळी गोष्ट आहे. पहिली अनुग्रहाची, दुसरी कायद्याची. आगगाडीच्या अपघातांत सांपडलेल्या माणसास कायद्यानें कोणते मार्ग दिले, व ते कोणत्या क्रमानें दिले, याचा विचार हा भेद मनांत धरून प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय प्रथमदर्शनीं वकिलांचा वाटेल. परंतु हा हक्क ज्या कागदांवर उभा राहतो त्यांकडे पाहिलें असतां तो आपलाहि आहे असें दिसून येईल.

१. इंग्लंडांतील पूर्वपीठिका

आपल्याकडील कायद्याचें मूळ इंग्लंडांत असल्यानें आरंभ तेथून करणें प्राप्त आहे. १८०८ सालीं घोड्यांची प्रवासी गाडी उलटून एका गृहस्थाची पत्नी जखमी झाली व महिन्याभरानें वारली. पतीनें गाडीवाल्यांवर फिर्याद केली. मनुष्याचा मृत्यु ही दिवाणी न्यायालयांत दाद मागण्याजोगी हानि नव्हे, असा निर्णय लॉर्ड एलेनबरो यांनीं दिला. पतीस जी भरपाई मिळावयाची ती पत्नीच्या मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच ठरली. या नियमाचा परिणाम विलक्षण झाला. गाडीवाल्याच्या हयगयीनें प्रवाशाचा पाय मोडला तर त्यास भरपाई द्यावी लागे. प्रवासी जागच्याजागीं ठार झाला तर त्याच्या कुटुंबास कांहींच द्यावें लागत नसे.

मृत्यूबद्दल दंड अगदींच नव्हता असें नाहीं. ज्या वस्तूमुळें माणूस मेला ती वस्तु किंवा तिची किंमत राजाकडे जमा व्हावी असा जुना इंग्रजी प्रघात होता. त्यास ‘डिओडंड’ म्हणत. शब्दाचा अर्थ ‘ईश्वरास द्यावयाचें’ असा आहे. बैल, गाडा, विहिरीचा रहाट अशा वस्तूंसाठीं निर्माण झालेला हा प्रघात लोक आगगाडीच्या इंजिनांनाहि लावूं लागले. २४ डिसेंबर १८४१ रोजीं ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या सॉनिंग येथील खोदमार्गांत दरड घसरून गाडीस अपघात झाला. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी बुटक्या कडांच्या उघड्या वाघिणींतून चालले होते, त्यांपैकीं कित्येक दगावले. मरणान्वेषण करणाऱ्या पंचांनीं इंजिन व वाघिणी यांवर १००० पौंडांचा डिओडंड बसविला. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, असा दंड वसूल झाला तरी त्यावर कायद्यानें मृताच्या विधवेचा हक्क पोंचत नसे.

पुढें १८४६ सालीं पार्लमेंटानें दोन कायदे केले. एकानें डिओडंड रद्द झाला. दुसऱ्यानें, म्हणजे लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानें, मृताच्या कुटुंबीयांस अपराध्याकडून भरपाई मागण्याचा हक्क प्रथम मिळाला. राजाकडे जाणारा दंड बंद होणें व कुटुंबास हक्क मिळणें या दोन गोष्टी एकाच वर्षीं घडल्या, हा केवळ योगायोग मानतां येत नाहीं.

२. १८५५ चा तेरावा कायदा

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली प्रवासी गाडी धांवली. त्यानंतर दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, २७ मार्च १८५५ रोजीं, कलकत्त्याच्या विधिमंडळानें त्या वर्षाचा तेरावा कायदा मंजूर केला. तो कॅम्पबेलच्या कायद्यावर बेतलेला होता. दुसऱ्याच्या गैरकृत्यानें, हयगयीनें किंवा कसुरीनें मनुष्य मेला असतां अपराध्यावर कोणत्याहि न्यायालयांत दावा चालत नाहीं, आणि अशा प्रसंगीं त्यास जबाबदार धरणें पुष्कळदां न्याय्य असतें, अशा आशयाचा त्याचा उपोद्घात आहे. कायदा केवळ आगगाडीपुरता नव्हता. परंतु पुढें सुमारें नव्वद वर्षें आगगाडीच्या अपघातांत मेलेल्यांच्या वारसांस मुख्य आधार त्याचाच होता. जो जखमी होऊन वांचला त्यास या कायद्याची गरज नव्हती. हयगय सिद्ध करून दिवाणी न्यायालयांत भरपाई मागण्याचा मार्ग त्यास सामान्य न्यायतत्त्वानेंच मोकळा होता.

या कायद्यांतील दोन गोष्टी इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत. पहिली, भरपाई कोणासाठीं मागावयाची ही. पत्नी, पति, मातापिता व अपत्य एवढ्यांसाठींच ती मागतां येई. मातापित्यांत आजाआजींचा व अपत्यांत नातवंडांचा आणि सावत्र मुलांचा समावेश होता. परंतु भाऊ, बहीण, सून यांची गणना त्यांत नव्हती. आपल्याकडील एकत्र कुटुंबांत एका मिळवत्या पुरुषावर विधवा बहीण, विधवा भावजय, पोरके पुतणे असा परिवार अवलंबून असे. तो पुरुष अपघातांत गेला असतां या सर्वांचा आधार तुटे, पण इंग्रजी कुटुंबाच्या मापानें कापलेल्या या यादींत त्यांस जागा नव्हती. दुसरी गोष्ट, मोजावयाचें नुकसान तें पैशाचें. शोकाचें मोल कायदा करीत नसे. ज्याची मिळकत थोडी त्याच्या मृत्यूची भरपाईहि थोडी, हा त्याचा अपरिहार्य परिणाम होता.

३. कापसाची गांठ आणि मनुष्य

१८९० सालीं रेल्वेचा नववा कायदा झाला. त्यांतील ८० व्या कलमानें प्रवाशास एक सोय मिळाली : प्रवास एकाहून अधिक रेल्वेंवरून असेल तर जिच्याकडून तिकीट घेतलें तिच्यावर, किंवा जिच्या मार्गावर इजा झाली तिच्यावर, यांपैकीं कोणावरहि दावा लावतां येई. ८३ व्या कलमानें गंभीर अपघातांची वर्दी सरकारास देणें रेल्वेवर बंधनकारक झालें.

परंतु याच कायद्याचें ७६ वें कलम पाहावें. रेल्वेच्या स्वाधीन केलेला माल किंवा जनावर गहाळ झालें, नष्ट झालें किंवा खराब झालें तर तें कसें झालें हें सिद्ध करण्याची आवश्यकता वादीस नाहीं, असें तें सांगतें. प्रवाशाच्या जिवास किंवा शरीरास इजा झाली असतां मात्र अशी सवलत नव्हती. रेल्वेची हयगय वादीनेंच शाबीत करावयाची. वऱ्हाडांतून मुंबईस निघालेली कापसाची गांठ व तिच्या मालकाचा त्याच गाडींत बसलेला गुमास्ता यांचें एकाच अपघातांत नुकसान झालें, तर गांठीबद्दलच्या दाव्यांत पुराव्याचें ओझें हलकें व गुमास्त्याबद्दलच्या दाव्यांत जड, असा प्रकार होता. सिग्नलची नोंद, रुळांच्या तपासणीच्या वह्या, इंजिन हांकणाऱ्याच्या कामाचे तास हे सर्व कागद रेल्वेच्याच दफ्तरांत असत. जखमी माणसापाशीं त्याची आठवण व जखम यांपलीकडे पुरावा क्वचितच असे. हक्क होता, पण त्याची किल्ली प्रतिवादीच्या पेटींत होती.

४. दोषावरून हानीकडे

ही स्थिति १९४३ सालीं पालटली. त्या वर्षीं १८९० च्या कायद्यांत ८२-अ हें कलम घालण्यांत आलें. प्रवासी गाडीची टक्कर झाली, ती रुळांवरून घसरली किंवा तिला अन्य अपघात झाला, तर रेल्वेकडून कांहीं गैरकृत्य किंवा हयगय झाली असो वा नसो, प्रवाशाच्या मृत्यूबद्दल किंवा इजेबद्दल तिनें भरपाई द्यावी, असें त्यांत ठरलें. एका व्यक्तीपुरती कमाल मर्यादा १०,००० रुपयांची होती. ती पुढें वेळोवेळीं वाढविण्यांत आली. ‘दोष कोणाचा’ हा प्रश्न मागें पडून ‘हानि किती’ हा प्रश्न पुढें आला. ८८ वर्षांपूर्वीं मिळालेला हक्क सामान्य माणसास वापरतां येईल असा येथें प्रथम झाला.

एक मोठी उणीव तरीहि राहिली. अपघात गाडीस व्हावा लागे. गाडी सुरळीत चालली असतां गर्दींतून कोणी खालीं पडला तर हें कलम त्याच्या उपयोगी पडत नसे. मुंबईच्या लोकलगाड्यांनीं नित्य ये-जा करणाऱ्यांस या उणिवेचा अर्थ सांगावयास नको. १९८९ चा नवा रेल्वे कायदा १ जुलै १९९० पासून अमलांत आला, व त्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें घातलेलें १२४-अ हें कलम त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून लागू झालें. ‘अनिष्ट घटना’ अशी नवी संज्ञा त्यानें आणली. तींत दहशतवादी कृत्य, दरोडा, दंगल, जाळपोळ यांबरोबरच प्रवासी गाडींतून अपघातानें पडणें यांचाहि समावेश आहे. आत्महत्या वा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचें गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेड, आणि नैसर्गिक कारण वा रोग हे अपवाद होत.

अवलंबितांच्या यादींतहि आतां विधवा बहीण, अविवाहित बहीण, अज्ञान भाऊ, विधवा सून, वारलेल्या मुलाचें अज्ञान अपत्य, इतकेंच नव्हे तर पूर्णपणें अवलंबून असलेले आजाआजी यांचीं नांवें आलेलीं आहेत. १८५५ च्या यादीशेजारीं ही यादी ठेवून वाचली असतां मधल्या काळांत कायद्यानें आपल्या घरांचा परिचय करून घेतला असें म्हणावयास हरकत नाहीं.

५. सांप्रतचे मार्ग

हे दावे दिवाणी न्यायालयांत चालत नाहींत. १९८७ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढें ते मांडावे लागतात. महाराष्ट्रांत त्याचीं पीठें मुंबई व नागपूर येथें आहेत. अर्ज जखमी व्यक्तीनें स्वतः, तिनें नेमलेल्या मुखत्यारानें, अज्ञान असल्यास पालकानें, व मृत्यु झाल्यास अवलंबितांनीं करावयाचा. मुदत घटनेपासून एक वर्षाची आहे. पुरेसें कारण दाखविल्यास उशीर माफ होऊं शकतो. निर्णयावर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयाकडे अपील करतां येतें. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूबद्दल, तसेंच दोन्ही हात किंवा दृष्टि जाणें अशा पूर्ण अपंगत्वाबद्दल ८ लाख रुपये ही रक्कम ठरलेली असून कमी इजांसाठीं उतरती परिशिष्टें आहेत. रेल्वेच्या नोकरास कामगार-भरपाईच्या कायद्याचा मार्गहि खुला आहे, मात्र एकाच अपघाताबद्दल दोनदां भरपाई मिळत नाहीं. रुळांवरील फाटकांत आगगाडी व मोटार यांची टक्कर झाल्यास मोटार अपघात न्यायाधिकरणापुढें रेल्वेसहि प्रतिवादी करतां येतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं दिला. रूळ ओलांडतांना गाडीखालीं सांपडलेला माणूस प्रवासी नसल्यास १२४-अ चा आश्रय मात्र त्यास नाहीं.

आगगाडीचा मोठा अपघात झाला कीं सानुग्रह अनुदान जाहीर होतें. जुन्या भाषेंत बोलावयाचें तर ही बालपरवेशीच होय. तें घेण्यांत कमीपणा नाहीं, व तें घेतल्यानें न्यायाधिकरणापुढील हक्क नष्टहि होत नाहीं. अनर्थ होतो तो निराळ्या प्रकारें. मिळालेलें अनुदान हीच भरपाई अशी समजूत होते, रुग्णालयांत महिने जातात, आणि वर्षाची मुदत नकळत उलटते. अनुग्रह चटकन् पोंचतो. हक्क मागितल्यावांचून येत नाहीं.

६. कागदांचें महत्त्व

दोषाचा पुरावा आतां नको, पण जखमी माणूस प्रवासी होता याचा पुरावा हवा. तो पुरावा म्हणजे तिकीट, आणि अपघातांत पहिल्याप्रथम हरवतें तेंहि तिकीटच. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं या बाबतींत दिलेला निर्णय म्हणून महत्त्वाचा आहे. रेल्वेच्या हद्दींत प्रेत सांपडलें एवढ्यावरून तो प्रवासी होता असें ठरत नाहीं; पण तिकीट सांपडलें नाहीं एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असेंहि ठरत नाहीं. अर्जदारानें हकीकत प्रतिज्ञापत्रावर मांडली कीं ती खोडण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते. गाडींत चढतां-उतरतांना झालेली इजा केवळ प्रवाशाच्या निष्काळजीपणाची सबब सांगून नाकारतां येत नाहीं, हेंहि त्याच निर्णयांत आहे. मूळ पत्र गहाळ झालें असतां भोंवतालच्या कागदांवरून तें सिद्ध करण्याची रीत आपणां संशोधकांस नवी नाहीं. येथें तीच रीत न्यायासनानें मान्य केली आहे. स्टेशनमास्तरची वर्दी, पोलिसांचा पंचनामा, रुग्णालयांतील पहिली नोंद, सहप्रवाशाचा जबाब हे कागद म्हणून जखमी माणसानें व त्याच्या आप्तांनीं प्रथमपासून जपून ठेवावे.

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करतों. जुनीं पुठ्ठ्याचीं तिकिटें, पास, वेळापत्रकें आपण हौसेनें जमवितों. त्यांच्याच जोडीला घरोघर ट्रंकांच्या तळाशीं पडलेले अपघाताचे कागद, म्हणजे दाव्याच्या नकला, रेल्वेशीं झालेला पत्रव्यवहार, वकिलांच्या नोटिसा, भरपाईच्या पावत्या, हेहि रद्दींत जाऊं न देतां गोळा करावे. हक्क कोणत्या वर्षीं मिळाला हें कायद्याच्या पुस्तकांवरून कळतें. तो कोणत्या घरीं खरोखर पोंचला व कोणत्या दाराशीं अडला हें या कागदांवांचून कळणार नाहीं.