मोंटोनची सूर्यघडी

पेरूजा शहरातून टायबर नदीच्या काठाने उत्तरेकडे निघाले की तासाभराच्या आत उंबेर्तिदे हे गाव मागे पडते. थोडे पुढे गेल्यावर उजव्या हाताच्या टेकडीवर तटबंदीने वेढलेली एक छोटी वस्ती दिसू लागते. ते मोंटोन. इटलीच्या उंब्रिया प्रांतातले हे गाव. आजूबाजूच्या वाड्या धरूनही लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. इटलीतल्या सुंदर गावांच्या यादीत त्याचे नाव असते, म्हणून प्रवासी तिथे जातात, दगडी गल्ल्यांतून हिंडतात आणि खालच्या खोऱ्याचे फोटो काढून परततात. मराठी वाचकाला मात्र या गावाकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते समजून घ्यायचे तर गावाचा जुना इतिहास आधी पाहावा लागतो.

मोंटोनची ओळख गेली सहाशे वर्षे एका शिपाईगड्याच्या नावाशी बांधलेली आहे. आंद्रेआ फोर्तेब्राच्चो (१३६८–१४२४) हे त्याचे नाव. इतिहासात तो ‘ब्राच्चो दा मोंटोन’ म्हणून ओळखला जातो. त्या काळी इटलीतली नगरराज्ये स्वतःच्या फौजा फारशा बाळगत नसत. लढाई आली की सैन्यासह सरदार भाड्याने घेत. या कराराला ‘कोंदोत्ता’ म्हणत आणि करार करणाऱ्याला ‘कोंदोत्तिएरे’. आपल्याकडच्या शिलेदाराची आठवण व्हावी असा हा प्रकार. फरक इतकाच की कोंदोत्तिएरे अख्खी फौजच बरोबर आणी आणि मुदत संपली की उद्या कालच्या शत्रूचीही चाकरी धरी. ब्राच्चो त्यातला अव्वल. १४१६ मध्ये त्याने पेरूजा जिंकले आणि मरेपर्यंत त्यावर राज्य केले. त्रासिमेनो सरोवराचे फुगलेले पाणी बाहेर काढण्यासाठी त्याने भुयारी कालवा खोदवला. १४२४ च्या जूनमध्ये लाक्विलाच्या लढाईत तो जखमी झाला आणि तीन दिवसांत मरण पावला.

गावाच्या माथ्यावरचा ब्राच्चोचा किल्ला पुढे पोपच्या सैन्याने पाडला. आज तिथे अवशेष आहेत. पण गावाने नाव जपले. ब्राच्चोचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत होता. ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला मानला जाणारा एक काटा त्याने गावाला दिला, अशी परंपरा आहे. त्या दानाची आठवण म्हणून दर ऑगस्टमध्ये गावाचे तीन मोहल्ले जुने पोशाख करून एकमेकांशी स्पर्धा करतात. म्हणजे पैशासाठी लढणाऱ्या घराण्याचा उत्सव गाव आजही आनंदाने करते. त्या घराण्याने कोणाकोणाची बाजू घेतली, याचा हिशेब कोणी मागत नाही.

आता १९४४ च्या उन्हाळ्यात येऊ. ४ जूनला रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आले आणि जर्मन फौजा एकेक डोंगररांग लढवत उत्तरेकडे मागे सरकू लागल्या. टायबरचे वरचे खोरे अशा माघारीला सोयीचे. दोन्ही बाजूंना उंच धारा, मधून एक रस्ता, आणि धारेवरच्या प्रत्येक गावातून खालचा रस्ता दिसतो. हे खोरे जिंकण्याचे काम १० व्या इंडियन डिव्हिजनकडे आले. त्यात ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. याच रेजिमेंटचे जवान १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात इटालियन सैन्याशी लढले होते. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करली, आणि आता तेच मराठे इटलीच्या डोंगरांत जर्मनांशी लढत होते.

१० जुलै १९४४ रोजी या पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. मागे कोणी उरलेले नाही हे माहीत असताना ते एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी ती बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. काडतुसांचे घर बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या घावांनी मारले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय होते बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले पळसगाव हे त्यांचे गाव.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजांना आव्हान देत होते. एकाच मराठी मुलखातली काही मुले इंग्रज सत्तेविरुद्ध भूमिगत होती, तर काही त्याच सत्तेच्या फौजेत होती. स्वातंत्र्यानंतर आपण पहिल्यांच्या आठवणी गौरवाने सांगितल्या. दुसऱ्यांचे काय करायचे हे आपल्याला नीट ठरवता आले नाही. कोकणातून आणि देशावरून पलटणीत जाण्यामागे कोरडवाहू शेती, दर महिन्याला घरी येणारा पगार आणि घराण्याची परंपरा अशी कारणे होती. साम्राज्यावरचे प्रेम त्यात शोधणे व्यर्थ आहे.

टायबरच्या खोऱ्यालाही हे युद्ध सरळ वाट्याला आले नव्हते. २५ एप्रिल १९४४ रोजी उंबेर्तिदेचा पूल पाडायला आलेल्या दोस्त राष्ट्रांच्या विमानांचे बॉम्ब वस्तीवर पडले आणि सत्तरच्या आसपास नागरिक मेले. ज्यांनी बॉम्ब टाकले, त्यांच्याच बाजूच्या फौजेने अडीच महिन्यांत जर्मनांना हुसकावले. तिथल्या लोकांना या दोन्ही गोष्टी एकत्रच लक्षात ठेवाव्या लागल्या.

इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ मृत्युमुखी पडले. त्या मोहिमेतल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सेनेतल्या जवानांना मिळाले. त्यातले दोघे, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, ५ व्या मराठाचे. घाडगे यांची ओळखीची कबर नाही. त्यांचे नाव कसिनो येथील स्मारकावर, तशाच बेपत्ता हजारोंच्या नावांबरोबर कोरलेले आहे.

जुलै २०२३ मध्ये मोंटोनच्या नगरपालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी गावात यशवंत घाडगे यांच्या नावाने एक सूर्यघडी उभारली. घटनेला तेव्हा ७९ वर्षे झाली होती. सूर्यघडीसोबतच्या लॅटिन बोधवाक्याचा अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

परदेशी साम्राज्याच्या गणवेशात आलेल्या, आपली भाषा न बोलणाऱ्या तरुणाला या गावाने आपल्या इतिहासात जागा दिली. त्यासाठी साम्राज्याचे समर्थन करावे लागले नाही. कदाचित ब्राच्चोमुळे गावाला हे आधीच ठाऊक असावे: शिपाई कोणाच्या पगारावर होता ही एक गोष्ट, आणि तो आपल्या मातीत कसा मेला ही दुसरी.

माणगावात यशवंतरावांचा पुतळा आहे, त्यांच्या गावची माणसे त्यांना विसरलेली नाहीत. प्रश्न बाकीच्या महाराष्ट्राचा आहे. पळसगावचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? उद्या कोणी मराठी प्रवासी मोंटोनला गेलाच, तर किल्ल्याच्या अवशेषांकडे चढण्याआधी त्याने त्या सूर्यघडीपाशी थोडे थांबावे. आणि ज्याला तिथवर जाणे जमणार नाही, त्याने मुंबई-गोवा रस्त्यावरून जाताना माणगावात थांबावे. तेवढे तर आपल्या हातात आहे.