सिलिंडरवरचा ‘बी-२८’

१. बी-२८ : १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्टीवर, आतल्या अंगाला, रंगवलेली पुढच्या चाचणीची मुदत. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, असे ‘डी’पर्यंत. तेव्हा हे सिलिंडर जून २०२८ नंतर चाचणीशिवाय भरायचे नाही. नव्या सिलिंडरची चाचणी १० वर्षांनी, पुढे दर ५ वर्षांनी होते. हिंदुस्थान ऑर्गेनिक केमिकल्सच्या कारखान्याभोवती वाढलेल्या रसायनीत हे अक्षर प्रत्येकाला वाचता यावे, ही अपेक्षा रास्तच. पण दारात आपण सील बघतो, फार तर वजन, पट्टी कोण बघतो! मुदत उलटलेली दिसली तर सिलिंडर तिथल्या तिथे बदलून मागावे. शेगडीच्या रबरी नळीची मुदतही अशीच नळीवर छापलेली असते.