तारे व दीर्घिका यांचे प्रतिमासंस्करणाद्वारे वर्गीकरण

आकाशाच्या छायाचित्रात उमटलेला ठिपका तारा आहे की दीर्घिका, हे त्याच्या प्रतिमेच्या मापनावरून ठरविण्याची पद्धती. तारे फार दूर असल्याने बिंदुवत ठरतात. वातावरणातील खळबळीमुळे व दूरदर्शकामुळे बिंदूची प्रतिमा पसरते; हा पसरटपणा एका छायाचित्रातील सर्व ताऱ्यांच्या बाबतीत जवळजवळ सारखा असतो. दीर्घिका मुळातच विस्तृत असल्याने तिची प्रतिमा याहून अधिक पसरते. तेजस्वी दीर्घिका नुसत्या नजरेनेही ओळखता येतात. परंतु अंधुक दीर्घिकेचा कोनीय व्यास १–२ सेकंदांपर्यंत घटला की, ती ताऱ्यासारखीच भासू लागते.

अमेरिकेतील लिक वेधशाळेत सी. डी. शेन व सी. ए. विर्टानेन यांनी छायाचित्रपट्टिकांवरील सु. १० लाख दीर्घिका डोळ्यांनी पाहून मोजल्या. ही मोजणी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. एवढ्या चिकाटीचे काम विरळाच. तथापि पाहणाऱ्याची नजर व पट्टिकेची गुणवत्ता यांनुसार मोजणीची मर्यादा बदलते आणि म्हणून तीत दिसणारे दीर्घिकांचे मोठे समूह कितपत खरे, याविषयी पुढे वाद झाला.

श्मिट दूरदर्शकाच्या एका पट्टिकेवर लाखो प्रतिमा असतात. त्यांच्यासाठी एडिंबरो येथे कॉसमॉस व केंब्रिज येथे एपीएम ही स्वयंचलित मापनयंत्रे उभारण्यात आली. पट्टिकेवरून बारीक प्रकाशझोत फिरवून जागोजागचा काळेपणा मोजतात व त्याचे अंकांत रूपांतर करतात. पार्श्वभूमीपेक्षा ठराविक प्रमाणात गडद असलेले लगतचे अंश एकत्र करून संगणक त्यांची एक वस्तू मानतो. नंतर तिची एकूण तेजस्विता, क्षेत्रफळ, मध्यभागाची तीव्रता व लांबट आकार काढतो. तेजस्विता व क्षेत्रफळ यांचा आलेख काढल्यास तारे एका अरुंद पट्ट्यात येतात आणि दीर्घिका त्याबाहेर पडतात. खरी अडचण मात्र जोडताऱ्यांची आहे. जवळजवळच्या दोन ताऱ्यांच्या प्रतिमा मिसळल्या की, लांबट दीर्घिकेचा भास होतो. आकाशगंगेच्या पट्ट्याकडे तारे दाट असल्याने असे भास तेथे वाढतात व खोट्या दीर्घिकांची ही वाढ विश्वाची रचना म्हणून गणली जाण्याचा धोका असतो.

एपीएम यंत्राने १८५ पट्टिकांवरून सु. २० लाख दीर्घिकांची सूची तयार झाली. लगतच्या पट्टिकांवर दोनदा आलेल्या वस्तू ताडून पट्टिकांची मापे जुळविण्यात आली. एस. जे. मॅडॉक्स, जी. एफ्स्टाथिऊ, डब्ल्यू. जे. सदरलँड व जे. लव्हडे यांनी १९९० मध्ये दाखविले की, मोठ्या अंतरांवर दीर्घिकांचे पुंजीकरण शीत कृष्णद्रव्याच्या तत्कालीन प्रमाण प्रतिकृतीपेक्षा अधिक आहे. त्याच वर्षी त्यांपैकी पहिल्या तिघांनी विश्वस्थिरांक शून्य नसावा, असे सुचविले. १९९८ मध्ये अतिदीप्त नवताऱ्यांच्या वेधांतून त्यास पुष्टी मिळाली. वर्गीकरणाचे काम दुय्यम समजले जाते, ते किती अयोग्य आहे हे यावरून दिसते.

दरम्यान छायाचित्रपट्टिकांची जागा सीसीडी या इलेक्ट्रॉनिक अभिज्ञातकाने घेतली. जे. एफ. जार्व्हिस व जे. ए. टायसन यांची फोकास प्रणाली १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. एस. सी. ओडेवान व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये कृत्रिम तंत्रिका-जालाचा वापर केला. ई. बेर्तँ व एस. आर्नू यांच्या सेक्स्ट्रॅक्टर (१९९६) या संगणकप्रणालीतही असेच जाल असून ते प्रत्येक वस्तूस ० ते १ यांदरम्यानचा अंक देते : १ च्या जवळ तारा, ० च्या जवळ दीर्घिका. पुण्याच्या आंतरविश्वविद्यालयीन खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रातील अजित केंभावी व योगेश वाडदेकर हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका तंत्रिका-जालावरील कामात सहभागी होते.

स्लोन अंकीय आकाश सर्वेक्षणाने मात्र अगदी साधा नियम स्वीकारला. वस्तू बिंदुवत मानून काढलेली तिची प्रत व विस्तृत मानून काढलेली प्रत यांतील फरक ०·१४५ पेक्षा अधिक असल्यास ती दीर्घिका मानतात. क्वासार हे दूरच्या दीर्घिकांचे तेजस्वी गाभे असूनही या कसोटीत ताऱ्यांतच मोडतात. ते निवडण्यासाठी निरनिराळ्या गाळण्यांतून मोजलेल्या रंगांचा आणि खात्रीसाठी वर्णपटाचा आधार घ्यावा लागतो.