स्टो उद्यान

स्टो : इंग्लंडमधील अठराव्या शतकातील भूदृश्य उद्यानांत अग्रगण्य मानले जाणारे उद्यान. बकिंगमशर परगण्यात, बकिंगम या गावाच्या वायव्येस सुमारे ५ किमी.वर ते वसले आहे. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०० हेक्टर असून त्याभोवतीची कुरणे व झाडी सुमारे ३०० हेक्टरांवर पसरली आहे. देवळे, मंडप, पूल, स्तंभ, कमानी अशा ४० हून अधिक संरक्षित वास्तू येथे आहेत. मध्यभागी टेंपल-ग्रेनव्हिल घराण्याचा प्रासाद असून त्यात १९२३ पासून शाळा भरते. रेखीव, भौमितिक बागेकडून मोकळ्या, नैसर्गिक भासणाऱ्या मांडणीकडे इंग्रज उद्यानकला कशी वळली, तो संपूर्ण प्रवास एकाच जागी पाहावयाचा असेल, तर स्टोसारखे दुसरे ठिकाण नाही.

घराणे व जमीन : टेंपल घराण्याची सुबत्ता मेंढपाळीतून आली. वॉरिकशरमध्ये लोकरीवर पैसा मिळवलेल्या पीटर टेंपलने १५७१ मध्ये स्टोची जमीन खंडाने घेतली आणि त्याच्या मुलाने, जॉनने, १५८९ मध्ये ती विकत घेतली. आजच्या प्रासादाचा गाभा सर रिचर्ड टेंपल (तिसरा बॅरोनेट) याने १६७७–८३ दरम्यान विटांत बांधला. त्या वेळी घराच्या दक्षिणेस उतारावर पायऱ्यापायऱ्यांची साधी बाग होती.

त्याचा मुलगा, पुढे व्हायकाउंट कॉबम झालेला रिचर्ड टेंपल (१६७५–१७४९), हा उद्यानाचा खरा कर्ता. सेनापती मार्लबरोच्या हाताखाली त्याने फ्रेंचांविरुद्धच्या लढाया गाजवल्या. १७१४ मध्ये त्याला उमरावपद मिळाले, १७१५ मध्ये लंडनमधील एका धनाढ्य बिअर-उत्पादकाच्या मुलीशी, ॲन हॉल्सीशी, त्याचा विवाह झाला आणि बागेसाठी लागणारा पैसा हाती आला.

बाग वाढत गेली तसे स्टो गाव मात्र उठत गेले. मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनी बंदिस्त करण्याचे काम सतराव्या शतकातच सुरू झाले होते. कॉबमच्या काळात उरलेली घरे पाडली गेली व रहिवासी शेजारच्या डॅडफर्डमध्ये गेले. गावाचे मध्ययुगीन चर्च तेवढे राहिले. ते आजही उद्यानाच्या मध्यभागी आहे, पण भोवती झाडी अशी लावली आहे की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. उद्यानावरील जुन्या वर्णनांत देवळांच्या नोंदी पानोपानी सापडतात, या गावाला मात्र क्वचितच जागा मिळते. म्हणून त्याचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे.

ब्रिजमन व व्हॅनब्रा : १७१० च्या दशकात कॉबमने चार्ल्स ब्रिजमन (मृ. १७३८) या उद्यानकाराला कामास लावले. सरळ वीथी, अष्टकोनी तलाव आणि कापून सारख्या केलेल्या झाडांच्या भिंती ही त्याची मांडणी वरवर फ्रेंच वळणाची. परंतु जमीन मुळात वेडीवाकडी व रस्ते तिरपे असल्याने त्याला दोन्ही बाजू सारख्या करता आल्या नाहीत, आणि या अडचणीतूनच स्टोच्या बागेला पहिला मोकळेपणा लाभला.

त्याची सर्वांत दूरगामी कल्पना म्हणजे बागेभोवतीचा ‘हाहा’ हा खंदक. त्याची आतली, बागेकडची बाजू उभ्या भिंतीची असते. भिंतीचा माथा हिरवळीच्या पातळीलाच संपतो. बाहेरची बाजू हळूहळू वर चढत कुरणाला मिळते. चरणारी मेंढरे उतारावरून खाली येतात, पण भिंतीपाशी अडतात. घरातून पाहणाऱ्याला ना भिंत दिसते ना कुंपण. बागेची हिरवळ आणि पलीकडचे कुरण एकच वाटते. ही युक्ती फ्रान्समध्ये व लष्करी तटबंदीत आधीपासून ठाऊक होती. तथापि संपूर्ण बागेला तिचा वेढा घालणारे स्टो हे इंग्लंडमधील आरंभीच्या उदाहरणांपैकी होय. कुंपण दिसेनासे झाले तेव्हा बाहेरचा मुलूखही बागेच्या रचनेचा भाग ठरला. पुढचे सारे बदल यातून निघाले.

वास्तूंचे काम जॉन व्हॅनब्राकडे होते. त्याने बांधलेला वर्तुळाकार रोटुंडा (१७२०–२१) अजून उभा आहे. त्याचा घुमट मात्र पुढे बदलण्यात आला. त्याच्या १८ मी. उंचीच्या पिरॅमिडचा आता मागमूस नाही. १७२६ मध्ये तो वारल्यावर जेम्स गिब्ज आला. बाग पाहावयास येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी १७१७ मध्येच ‘न्यू इन’ ही खाणावळवजा धर्मशाळा बांधलेली होती, म्हणजे लोकांनी ही बाग पाहावी, असा मालकाचा मानस आरंभापासून होता.

राजकारण व एलिझियन फील्ड्स : १७३३ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याच्या अबकारी कराच्या विधेयकाला कॉबमने विरोध केला आणि त्याची पलटण काढून घेण्यात आली. त्यानंतर स्टो हे व्हिग पक्षातील वॉलपोलविरोधी तरुणांचे ठाणे बनले. विल्यम पिट, जॉर्ज लिटलटन व कॉबमचे ग्रेनव्हिल भाचे हे त्यांतले ठळक. कॉबमने आपला राग बागेत दगडात मांडला, आणि स्टोचे वेगळेपण मुख्यतः यातच आहे.

प्रासादाच्या पूर्वेकडील दरीत विल्यम केंट (मृ. १७४८) याने १७३० च्या दशकात ‘एलिझियन फील्ड्स’ हा भाग रचला. ग्रीक पुराणांतील पुण्यात्म्यांच्या लोकाचे हे नाव. येथे सरळ रेषा जवळजवळ नाहीच. ओढा वळणे घेत जातो, काठाची झाडे एकेकटी किंवा घोळक्याने लावली आहेत. जोसेफ ॲडिसनने १७१० मध्ये लिहिलेल्या एका रूपकात्मक स्वप्न-निबंधातून ही कल्पना सुचली, असे मानले जाते. उंचावर ‘प्राचीन सद्‌गुणांचे मंदिर’ आहे. टिव्होली येथील मंदिराच्या धर्तीवरील या गोल वास्तूत होमर, सॉक्रेटीस, लायकर्गस व इपॅमिनाँडस यांचे पूर्णाकृती पुतळे बसवले होते. त्याच्या शेजारीच ‘आधुनिक सद्‌गुणांचे मंदिर’ मुद्दाम भग्न अवस्थेत बांधले. त्यात शीर नसलेला एक पुतळा होता. तो वॉलपोलचा, अशी तेव्हापासूनची समजूत. हे भग्न मंदिर आता जवळपास नामशेष झाले आहे.

ओढ्याच्या पलीकडे, या मंदिरासमोर, ‘ब्रिटिश थोरांचे मंदिर’ (१७३४–३५) आहे. त्याला छप्पर नाही. अर्धवर्तुळाकार भिंतीत ओळीने कोनाडे असून त्यांत सोळा अर्धपुतळे आहेत. कोरणारे रिस्ब्राक व स्कीमेकर्स. एका बाजूला विचार व कला यांतील थोर : पोप, ग्रेशम, इनिगो जोन्स, मिल्टन, शेक्सपिअर, लॉक, न्यूटन, बेकन. दुसऱ्या बाजूला कर्तृत्वाचे थोर : आल्फ्रेड राजा, ब्लॅक प्रिन्स, राणी एलिझाबेथ पहिली, विल्यम तिसरा, रॅली, ड्रेक, हॅम्पडन आणि जॉन बर्नार्ड. राणी एलिझाबेथ ही यांतली एकमेव स्त्री. पोप व बर्नार्ड पुतळे बसले तेव्हा हयात होते. लंडनचा व्यापारी व संसद सदस्य असलेल्या बर्नार्डने अबकारी विधेयकाला कडाडून विरोध केला होता. न्यूटन-शेक्सपिअरच्या पंक्तीत त्याला बसवण्यामागे तेच कारण. राजाच्या मनमानीला आव्हान देणाऱ्या हॅम्पडनची निवडही तशीच बोलकी आहे. भिंतीच्या मागच्या बाजूस ‘सिन्योर फिडो’चा गौरव करणारा लेख कोरला असून तो एका इटालियन ग्रेहाउंड कुत्र्याविषयी आहे, हे वाचत शेवटी गेल्यावरच कळते.

गिब्जने बांधलेले गॉथिक मंदिर (१७४१–४८) हे याच राजकारणाचे पूर्वेकडील टोक. त्रिकोणी आराखड्याची ही वास्तू तांबूस लोहयुक्त दगडात असल्याने फिकट चुनखडकाच्या इतर देवळांपुढे दुरूनही वेगळी ओळखू येते. सॅक्सन पूर्वजांच्या स्वातंत्र्यप्रेमाला ती अर्पण केली होती. आठवड्याच्या सात वारांच्या सॅक्सन देवता रिस्ब्राकने कोरल्या होत्या. त्या मूळ मूर्ती विखुरल्या असून काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहेत. जवळचा पॅलेडियन पूल (१७३८) विल्टन येथील पुलावरून घेतला, पण विल्टनला पायऱ्या आहेत, येथे त्या जागी उतार ठेवले आहेत. त्यामुळे घोडागाडीत बसून पाहुण्यांना छपराखालून पार जाता येई. त्याच वर्षी उभारलेले लाकडी चिनी घर इंग्लंडमधील या प्रकारच्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी आहे. मधल्या काळात ते स्टोबाहेर, आयर्लंडपर्यंत जाऊन आले.

बकिंगमचा पुस्तकविक्रेता बेंटन सीली याने १७४४ मध्ये स्टोची मार्गदर्शिका छापली. इंग्लंडमधील एखाद्या बागेची ही पहिली मार्गदर्शिका समजतात. तिच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. कोणते देऊळ केव्हा उठले व केव्हा पाडले, हे आज बऱ्याच अंशी याच आवृत्त्या ताडून ठरवतात.

ब्राउनचा काळ : १७४१ मध्ये नॉर्थंबरलंडचा पंचविशीतला लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–८३) येथे प्रमुख माळी म्हणून आला. पुढे बांधकामाची देखरेख व मजुरांचा हिशोबही त्याच्याकडे आला. केंटच्या कल्पना जमिनीवर उतरवताना तो स्वतः घडला. प्रासादाच्या ईशान्येची ‘ग्रीक दरी’ (१७४६–४९) ही त्याची येथील मुख्य कामगिरी. मजुरांनी कुदळ-फावड्याने सुमारे १८,००० घनमीटर माती उपसली. काठावर मोठी वाढलेली झाडे मुळांसकट आणून लावली. आज ती दरी पाहताना जमीन मुळातच तशी असावी असे वाटते, आणि त्या शेकडो हातांची खूण कोठेही उरलेली नाही. ब्राउनचे लग्न १७४४ मध्ये झाडीतल्या त्याच चर्चमध्ये झाले. कॉबमने त्याला आपल्या मित्रांच्या जहागिरींवर काम करण्याची मुभा दिली होती. १७५१ मध्ये स्टो सोडताना त्याच्यापाशी ओळखी होत्या आणि स्वतःची शैली होती. पुढच्या तीन दशकांत त्याने इंग्लंडमधील शेकडो उद्यानांचे रूप बदलले.

कॉबमला मूल नव्हते. जहागीर भाच्याकडे, रिचर्ड ग्रेनव्हिल (पुढे अर्ल टेंपल, १७११–७९) याच्याकडे गेली. त्याने मामाच्या बागेतील उरलेल्या सरळ रेषा पुसल्या. अष्टकोनी तलावाचे काठ मोडून त्याला वेडावाकडा आकार दिला. तलावाकाठचे दोन मंडप १७६४ मध्ये उतरवून एकमेकांपासून अधिक अंतरावर पुन्हा उभारले, कारण प्रासादातून दिसणारे दक्षिणेचे दृश्य त्यांच्यामुळे अरुंद होत होते. त्या दृश्याच्या टोकाला कॉरिंथियन कमान (१७६५–६७) बांधली. तिच्या जाड खांबांच्या आत राहण्याच्या खोल्या आहेत. प्रासादाचा दक्षिण दर्शनी भाग रॉबर्ट ॲडमच्या आराखड्यात फेरफार करून १७७९ पर्यंत पुरा झाला.

ग्रीक दरीच्या माथ्यावरील मंदिराला सप्तवार्षिक युद्धानंतर ‘एकोपा व विजय मंदिर’ असे नाव मिळाले. आतील पदकशिल्पांत क्वेबेक, हव्हाना, मनिला यांच्याबरोबर पाँडिचेरीही कोरलेली आहे. कॉबमची बाग स्वदेशातील सत्तेला प्रश्न विचारीत होती. पुढच्या पिढीत तिच्यावर साम्राज्याचा शिक्का बसला.

ख्याती : रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी वेजवुडने घडवलेल्या प्रसिद्ध भोजनपात्रांवर (१७७३–७४) स्टोची अनेक दृश्ये आहेत. एप्रिल १७८६ मध्ये टॉमस जेफर्सन व जॉन ॲडम्स यांनी एकत्र येऊन बाग पाहिली. जेफर्सनला कॉरिंथियन कमान व तेथे नेणारा सरळ मार्ग पसंत पडला नाही.

ऱ्हास : घराणे १८२२ मध्ये बकिंगमच्या ड्यूकपदाला पोहोचले, खर्च उत्पन्नाच्या कितीतरी पुढे गेला. जानेवारी १८४५ मध्ये व्हिक्टोरिया राणी मुक्कामास आली तेव्हा तिच्या स्वागतावर पाण्यासारखा पैसा ओतला गेला. दुसऱ्या ड्यूकचे कर्ज दहा लाख पौंडांवर होते. १८४८ मध्ये प्रासादातील वस्तूंचा लिलाव ४० दिवस चालला. शेक्सपिअरचे ‘चँडॉस’ चित्र त्यातच विकले गेले; ते नंतर लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहातील पहिले चित्र ठरले.

तिसरा ड्यूक (१८२३–८९) याने काटकसरीने घर सावरले. १८७५–८० मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर होता. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात मद्रास शहरात जो कालवा दुष्काळी काम म्हणून खोदून कूम व अड्यार या नद्या जोडण्यात आल्या, त्याला व त्याला जोडलेल्या किनारी जलमार्गाला ‘बकिंगम कालवा’ हे नाव याच ड्यूकवरून पडले. त्याला मुलगा नसल्याने ड्यूकपद त्याच्याबरोबर संपले.

शाळा व जतन : १९२१ मध्ये जहागीर तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. बागेतील बहुतेक पुतळे त्या वेळी बाहेर गेले. बकिंगमकडून येणाऱ्या लांब वीथीवर घरे उठतील, हे ओळखून वास्तुविशारद क्लफ विल्यम्स-एलिस याने ती स्वतः विकत घेतली. हे पाऊल त्याने उचलले नसते, तर स्टोचा दक्षिणेकडील देखावा आज उरला नसता. ११ मे १९२३ रोजी ९९ मुलांसह शाळा सुरू झाली, जे. एफ. रॉक्सबरा पहिले मुख्याध्यापक. शाळेमुळे प्रासाद वाचला, पण त्याची किंमत बागेने मोजली : नव्या प्रार्थनागृहासाठी व्हॅनब्राचे बॅकस मंदिर पाडले आणि एकोपा व विजय मंदिराचे १६ खांब काढून त्यात बसवले.

१९८९ मध्ये उद्यान नॅशनल ट्रस्टकडे आले. त्यानंतर तलावांतील गाळ उपसणे, झाडांची पुनर्लागवड व देवळांची दुरुस्ती ही कामे सीलीच्या मार्गदर्शिका, जुने नकाशे व हिशोबाच्या वह्या यांच्या आधारे चालू आहेत. काढलेल्या १६ खांबांच्या जागी नवे खांब आले. गेलेल्या पुतळ्यांच्या प्रतिकृती मूळ जागी बसत आहेत. चिनी घर परत आले आहे. प्रासादाची देखभाल १९९७ पासून वेगळा न्यास पाहतो. न्यू इन दुरुस्त होऊन तेथे स्वागत केंद्र झाले असून पर्यटक पूर्वीप्रमाणेच त्या बाजूने आत येतात. गॉथिक मंदिर सुटीत राहण्यासाठी भाड्याने मिळते.

इतर : शेती व मेंढपाळी हे परिसरातील जुने व्यवसाय, शाळा व पर्यटन यांतून आता रोजगार मिळतो. शाळा २००५ पासून पूर्णपणे मुलामुलींची आहे. उत्तरेस सिल्व्हरस्टोन ही मोटारशर्यतींची धावपट्टी असून तिच्या एका वळणाला स्टोचे नाव आहे.