राख आणि तळे

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनदा डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत, तो कोणा बखरकाराने लिहिलेला नाही. तो मातीने सांभाळला आहे, आणि त्याचे एक पान आपल्या वऱ्हाडात, पूर्णेच्या गाळात दडलेले आहे.

सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा हा ज्वालामुखी फुटला. स्फोटानंतर जमीन खचली, त्या खळग्यात पाणी साचले, आणि जे सरोवर झाले ते आज सुमारे १०० किलोमीटर लांब आहे. त्याची राख वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर वाहत येऊन आपल्या देशावर पडली. कुकडीकाठी बोरीला आणि कऱ्हेकाठी मोरगावला ज्वालामुखीची राख सापडली. पूर्णेच्या खोऱ्यातही तिचे थर नोंदले गेले. बोरीच्या राखेच्या वयावरून विद्वानांत मोठा वाद माजला. काहींनी ती लाखो वर्षांची ठरविली. १९९८ साली राखेतील कणांची रासायनिक परीक्षा करणाऱ्या संशोधकांनी मात्र भारतीय द्वीपकल्पातील ही सारी राख टोबाच्या त्या एकाच स्फोटाची असल्याचे मांडले.

ही राख चुलीतल्या राखेसारखी नव्हे. चुलीत लाकूड जळते आणि राख उरते; ज्वालामुखीची राख म्हणजे वितळलेल्या खडकाचा काचेसारखा धारदार भुगा होय. ती तळ्यात पडली म्हणजे काय होते? प्रथम पाणी गढूळ होते आणि उजेड खोल जात नाही. कणांना चिकटून आलेले आम्ल व क्षार पाण्यात विरघळतात. माशांचे कल्ले चोंदतात. तळाशी राखेचा थर बसून किडे, गोगलगायी यांची वस्ती गाडली जाते. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. याच राखेतून पाण्यात स्फुरद उतरते, सिलिका उतरते. सिलिकेचे कवच धारण करणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला ती उपयोगी पडते.

हे केवळ तर्क नव्हेत. १९१२ च्या जून महिन्यात अलास्कात नोव्हारुप्टा फुटला, तेव्हा दीडशेहून अधिक किलोमीटर दूरच्या कोडिॲक गावावर सुमारे ६० तास अंधार पसरला होता. २०११ साली चिलीतील एका ज्वालामुखीची राख अर्जेंटिनाच्या नाहुएल हुआपी सरोवरावर पडली. तेथील अभ्यासकांना पाण्यात स्फुरद वाढलेले आणि सूक्ष्म वनस्पतीही वाढलेल्या आढळल्या. त्याच वेळी, त्या वनस्पतींवर जगणाऱ्या बारीक पाणपिसवांना राखेचे कण पोटात गेल्याने अपाय होतो, असेही प्रयोगांत दिसले. एकाचे पोषण, दुसऱ्याचे मरण, असा हा हिशेब आहे.

आंध्र प्रदेशात कर्नूलकडे ज्वालापुरम् नावाचे गाव आहे. तेथे टोबाची राख प्रथम पाणथळीत पडली. मग आसपासच्या उतारांवरची राख पावसाने वाहून येत गेली आणि तिचा थर दोन मीटरांहून जाड झाला. ही राख मजूर खणून काढीत. त्यांच्या कुदळीने उघडे पडलेले थर पुढे विद्वानांनी वाचले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात राखेच्या खाली आणि वरही माणसाची दगडी हत्यारे मिळाल्याचे सांगितले गेले. टोबाने मनुष्यजात जवळजवळ बुडविली, असे एक मत होते. आफ्रिकेच्या मलावी सरोवराच्या गाळातही टोबाची राख मिळाली, पण त्या भागात भयंकर थंडी पडल्याची खूण तेथे दिसली नाही, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. राख पडली, तरी माणूस टिकला.

तळे सावरते, ते कशाच्या बळावर? राख पडायची थांबते म्हणून. वरून नवा गाळ बसतो, त्या गाळात पुन्हा जीव वस्ती करतात. हा धडा आम्हांला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कोळशावर वीज तयार होते, आणि कोळसा जाळला की राख ही आलीच. कोळशाची राख ज्वालामुखीची नव्हे. तिच्यात आर्सेनिकासारखी विषारी द्रव्ये असू शकतात, आणि ती रोज निघते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नदीनाल्यांत शिरले.

विजेला आमचा विरोध नाही. तिच्यावर हजारो कामगारांची चूल पेटते. परंतु जेथे राख साठते, तेथील विहिरी, नाले आणि तलाव यांचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासले जावे, आणि त्याचे आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. राख उपसणाऱ्या आणि ट्रकमध्ये भरणाऱ्या कामगारांच्या छातीची तपासणीही त्याच वेळी व्हावी. ही मागणी अवघड नाही, आणि ती आपण सर्वांनी मिळून करावी.