लोणारचा गाळ आणि दान मिळालेलें मूत्रपिंड

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर उल्केच्या आघातानें काळ्या खडकांत पडलेल्या विवरांत सांठलेलें आहे. पुराणानें तेथें लवणासुराचा वध सांगितला. सूक्ष्मदर्शकानें त्याच क्षारयुक्त गाळांत जंतूंची निराळी सृष्टि दाखविली. त्यांतील ॲक्टिनोमायसीट वर्गाच्या कांहीं जंतूंचा स्राव इतर रोगजंतूंची वाढ थोपवितो, असें प्रयोगशाळांत आढळलें. या शोधाचें मोल जाणावयाचें तर अवयवारोपणाचा इतिहास चाळावा लागतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं १९६५ सालीं मूत्रपिंडाचें व फेब्रुवारी १९६८ मध्यें हृदयाचें आरोपण केलें. हृदयाचा तो रुग्ण कांहीं तासांतच गेला. हस्तकौशल्य होतें, पण शरीर परका अवयव नाकारतें, ही अडचण उभीच होती. तिच्यावर तोड मातीनें दिली. नॉर्वेच्या पठारावरील मातींत सांपडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन निघालें. शरीराचा प्रतिकार आवरण्याचा त्याचा गुण १९७२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें ओळखला गेला. रोगजंतु मारणारें स्ट्रेप्टोमायसिनही १९४३ सालीं मातींतील जंतूपासूनच मिळालें होतें. शत्रूस मारणारें आणि शरीराच्या रक्षकांस आवरणारें, अशीं दोन्ही औषधें एकाच कोठारांतलीं!

परंतु आवरलेले रक्षक जंतूंनाही अडवीत नाहींत. आंतड्यांत निमूट राहणारा क्लेब्सिएला लघवीच्या नळीवाटे वा जखमेंतून शिरला, कीं रक्तांत पसरतो. अशा वेळेसाठीं राखून ठेविलेलें शस्त्र म्हणजे कार्बापेनेम. २००९ सालीं नोंदलें गेलेलें एनडीएम हें विकर त्याचेच तुकडे करितें. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांत तपासलेल्या २४ प्रतिरोधी जंतूंपैकीं २२ मध्यें तें आढळल्याचें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां हातीं उरलें कोलिस्टिन. मूत्रपिंडास अपाय करितें म्हणून मागें पडलेलें जुनें औषध. आणि येथें तर रुग्णाची सारी भिस्त दान मिळालेल्या एकाच मूत्रपिंडावर! प्रतिकार आवरणारें औषध कमी करावें, तर शरीर तें मूत्रपिंड नाकारील. न करावें, तर जंतु हटत नाहींत. अलीकडे ॲझट्रिओनाम व ॲव्हिबॅक्टम यांची जोडी हाताशीं आली, एवढाच काय तो दिलासा.

लोणारच्या गाळाकडे वळावें तें यासाठीं. मात्र तेथें नवें औषध मिळालें, तरी त्यास पुरून उरणारा जंतु शेजारींच नसेल असें नाहीं. कॅनडांतील यूकॉनच्या ३०,००० वर्षें गोठलेल्या मातींतही प्रतिरोधाचीं जनुकें आढळल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे ती विद्या मनुष्याच्या औषधांहून फार जुनी. शिवाय लोणारचा एखादा स्राव कांचेच्या बशींतून रुग्णाच्या उशाशीं पोहोंचण्यापूर्वीं, तो मूत्रपिंडास सोसतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें लागेल.