बांधावरची चिंच आणि रस्त्याचे वड

आमच्या नातेपुत्यात पाऊस येवो न येवो, पालखी येते. बरडचा मुक्काम आटोपून माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि त्या रात्री आमच्याकडं टेकते. माझ्या लहानपणी रस्त्याला दोन्ही अंगानं वड होते. वारकरी त्याखाली गठुडी टाकायचे, पारंब्यांवर धोतरं वाळत घालायचे, भाकरी खाऊन घटकाभर पडायचे. आमचा आजा पाण्याची घागर घेऊन तिथंच बसलेला असायचा.

ही वाट जुनी आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका एकाच पालखीत घालून पंढरीला नेल्या. पुढं 1832 च्या सुमारास आरफळच्या हैबतबाबांनी ज्ञानोबांची पालखी वेगळी काढली. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी लष्करात होते. दिंड्यांचा क्रम, शिस्त, मुक्काम ठरलेले, हे सगळं त्यामुळंच फौजेसारखं बसलं. घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळ्यांचे. म्हणजे शेतकऱ्याची वारी, पण तिची घडी सरदारांनी घातली.

दि. बा. मोकाशी यांचं ‘पालखी’ पुस्तक मी वाचनालयातून आणून वाचलं. ते पुण्याचे, त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. 1961 साली ते वारीबरोबर चालले, पुस्तक 1964 ला आलं. त्याच साली 12 जुलैला पानशेत फुटलं. पालखी तेव्हा पुणं सोडून पुढं आलेली. मागं शहरात घरं वाहून गेली आणि शहरातली माणसं इकडं आमच्या माळाच्या दिशेनं चाललेली. मला पुस्तकातलं किती विसरलं, पण हे डोक्यातून जात नाही. शहर म्हणजे पक्कं, गाव म्हणजे वाऱ्यावरचं, असं आम्ही धरून चालत होतो.

वारीवर लिहिणारे आता झाड म्हणजे गाव आणि डांबर म्हणजे शहर असं सोपं करून टाकतात. पण आमचे वड काही आपोआप उगवले नव्हते. सारख्या अंतरावर, एका ओळीत झाड कुठं उगवतं? रस्ता करणाऱ्यानंच ते लावले, वाटसरूला सावली पाहिजे म्हणून. रानातलं म्हणावं तर लोणंदच्या पुढं चांदोबाचा लिंब आहे. तिथं पहिलं उभं रिंगण होतं. झाडाचं नाव जागेला पडलं आणि माणसं त्या नावानं तिथं थांबतात.

8 नोव्हेंबर 2021 ला पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्या कामात वाटेवरचे पुष्कळ वड गेले. मोजणी माझ्या पट्टीतूनही गेली. बांधाला लागून दोन वड होते, ते सरकारी, त्यांचा पैसा मला नाही. चिंच माझी, तिचा हिशेब वेगळा धरला. मी सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता. यंत्रानं वड पाडले त्या दिवशी मी पाणी धरायचं निमित्त काढून वरच्या रानात गेलो. घरी मंडळींनी विचारलं, जेवला का नाही? काय सांगणार.

मोबदल्यातले निम्मे पैसे थोरल्याच्या हडपसरच्या फ्लॅटला गेले. चौथ्या मजल्यावर आहे. मी दर वर्षी वारकऱ्यांना पाणी देतो ते आता मंडप घालून, टँकर सांगून. ऊन लागतंच. रस्त्याकडंला नवी रोपं लावलीत. त्यांची सावली पडायला माझं वय पुरायचं नाही.

पण गंमत अशी, पालखी पुण्यातून निघून दिवे घाटाकडं जाताना हडपसरवरूनच जाते. सूनबाई खाली उतरून राजगिऱ्याचे लाडू वाटते. नातू त्या दिवशी फोन करतो, “आबा, माउली इथनं निघाली, तुमच्याकडं कधी येणार?” मी बोटं मोजतो. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. नऊ-दहा दिवस धर, म्हणतो, आणि मंडपवाल्याला फोन लावतो.